दिवेलागणीची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी, रथसप्तमीच्या हळदीकुंकवास, दि. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आपल्या मंडळात मी आजवर सतरंज्या घालणे, वाण मोजून ठेवणे आणि चहाकडे बघणे एवढीच कामे केली. परंतु यंदा चिटणीसबाईंच्या हाती माझी एक वही लागली आणि "यातले चार शब्द सगळ्यांना सांगा" म्हणून त्यांनी मला उभे केले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

वही म्हणजे काही मोठे लिखाण नव्हे. रोज संध्याकाळी ओसरीवर सूप घेऊन मी ज्वारी निवडावयास बसते. दिवा न लावता निवडता निवडता एक क्षण असा येतो की खडा कोणता आणि दाणा कोणता हे कळेनासे होते. त्या वेळी घड्याळात किती वाजले ते मी लिहून ठेवीत गेले. दि. २३ नोव्हेंबर २०२४ पासून कालपर्यंत. हा उद्योग कशासाठी केला, तेच मला सांगावयाचे आहे.

आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत. गेल्या जूनपासून माझी थोरली मुलगी आठवीसाठी गाडीने बाहेरगावी जाते. गाडी तिला संध्याकाळी पावणेसहाला फाट्यावर सोडते. तेथून गाव पंचवीस मिनिटांची वाट. गावाच्या मावळतीला बालाघाटाचा डोंगर. सूर्य पंचांगात बुडावयाच्या आधीच आपल्याकडे डोंगराआड होतो. पावसाळ्यात काही वाटले नाही. दसऱ्यानंतर मात्र ती घरी येई तेव्हा देवापाशी दिवा लागलेला असे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, आणि एके दिवशी गाडीला अर्धा तास उशीर झाला. मुलगी काळोखात पळत आली, तुटलेली चप्पल हातात धरून. बोलली काही नाही, पण तिचा ऊर धपापत होता.

रात्री जेवणे झाल्यावर थोरले भाऊजी म्हणाले, "अजून तर थंडी यायची आहे. संक्रांतीपर्यंत दिवस लहानच होत जाणार. आणखी दोन महिने हा अंधार वाढतच जाणार. त्यापेक्षा पोरीला घरी ठेवा. आठवीचे पुढच्या वर्षी बघू." सासूबाईंनी मान हलवली. आमचे हे जमिनीकडे बघत राहिले.

भगिनींनो, "पुढच्या वर्षी बघू" हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते. मी सातवी पास झाले तेव्हा आठवीचा वर्ग शेजारच्या गावी होता आणि मध्ये ओढा होता. दिवस मावळल्यावर मुलीची जात रस्त्यात नको, असे म्हणून माझे वडील हेच बोलले होते. ते वाईट नव्हते. माझ्यावर त्यांची माया होती, आणि भाऊजींचीही माझ्या मुलीवर आहे. पण माझ्या बाबतीतले ते पुढचे वर्ष अजून आलेले नाही.

मी थोरांसमोर कधी बोलत नाही. त्या रात्री एवढेच म्हणाले की, मला पंधरा दिवस द्या. पंधरा दिवसांत काय होणार हे माझे मलाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या जुन्या वहीची कोरी पाने शिवली आणि अंधार रोज किती वाढतो ते मोजावे असे ठरविले. वाटले, निदान किती वाढतो ते तरी कळेल.

पहिल्या दिवशी सहा वाजून आठ मिनिटांनी दाणा दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी सहा आठ. तिसऱ्या दिवशीही सहा आठ. मला वाटले, घड्याळच बिघडले. आठ दिवस झाले तरी वेळ हलेना. ५ डिसेंबरला सहा वाजून दहा मिनिटे झाली. मी मनात म्हटले, आज आभाळ स्वच्छ असेल. पण १२ तारखेस सहा बारा. थंडी तर वाढत होती, अंगावर शाल आली होती, आणि अंधार मात्र मागे सरकत होता.

मी वही घेऊन आपल्या शाळेच्या गुरुजींकडे गेले. त्यांनी हिशेब करून सांगितले की, बाई, तुमची ज्वारी खरे बोलते. आपल्या धाराशिवकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सुमारास. नंतर तो हळूहळू उशिराच मावळू लागतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबरचा, हे खरे. त्या दिवशी आपल्याकडे उजेड अकरा तास दोन मिनिटेच असतो. पण तोपर्यंत संध्याकाळ सात मिनिटे पुढे गेलेली असते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील वेळा बहुधा मुंबईच्या असतात. आपण मुंबईच्या पूर्वेस, म्हणून आपला सूर्य बारा-तेरा मिनिटे अगोदर येतो आणि अगोदर जातो, हेही त्यांनी सांगितले.

म्हणजे भाऊजी ज्या अंधाराला भीत होते, तो पुढे यावयाचा नव्हताच. सर्वांत काळोखी संध्याकाळ, आम्ही तिच्याविषयी बोलत बसलो होतो तेव्हाच येऊन गेली होती.

मी घरी येऊन सांगितले. सासूबाईंना पटेना. म्हणाल्या, "मीच बसते उद्यापासून." त्याही सूप घेऊन बसू लागल्या. त्यांचे डोळे म्हातारे, त्यामुळे त्यांना माझ्यापेक्षा दहा मिनिटे आधीच दिसेनासे होई. पण त्यांची वेळसुद्धा माझ्या वेळेइतकीच पुढे सरकत गेली! मग त्या शेजारणीला सांगू लागल्या, "आमच्याकडे दिवस नोव्हेंबरातच वळतो."

३० डिसेंबरला वेळा अमावस्या होती. आपल्या धाराशिव-लातूरकडच्या ह्या सणाचे कौतुक मी तुम्हांला काय सांगावे! डोक्यावर आंबिलीचे मडके घेऊन शेतात गेलो, कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा केली, भज्जी, उंडे आणि खिरीचे जेवण झाले. संध्याकाळी गवताची पेंढी पेटवून पिकाच्या कडेने फिरविण्याची वेळ आली, तेव्हा भाऊजींनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. मला बोलले नाहीत. पुतण्याला म्हणाले, "थांब रे, अजून उजेड आहे." त्या दिवसाच्या पानावर सहा वीस लिहिले आहे. महिन्यापूर्वीपेक्षा बारा मिनिटे अधिक. गाडी वेळेवर आली तर मुलगी आता उजेडी घरात येत होती.

येथवर मी जिंकले असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले, आणि तेथेच माझी फजिती झाली.

आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत होती. तिच्यासाठी जानेवारीत शाळेने सकाळचा जादा तास ठेवला. मुलीला सव्वासहाला घर सोडावे लागणार होते. मी ऐटीत म्हणाले, "जाऊ द्या की, दिवस वाढतो आहे. उजाडलेलेच असेल." ६ जानेवारीस दार उघडले तो काय, बाहेर मिट्ट काळोख! अंगण झाडताना केरसुणीचे टोक दिसेना. डिसेंबरापेक्षाही अधिक अंधार. भाऊजी कांबळे पांघरून ओट्यावर बसले होते. ते एवढेच बोलले, "वहीत सकाळ नाही वाटतं?"

खरेच नव्हती. मी केवळ संध्याकाळ मोजली होती आणि दिवसाला दुसरे टोक असते हे विसरले होते. पुन्हा गुरुजींकडे गेले. त्यांनी जे समजाविले ते मी माझ्या शब्दांत सांगते. दिवस म्हणजे एक तोकडी गोधडी समजा. डोक्याकडची बाजू सकाळ, पायांकडची संध्याकाळ. ह्या दिवसांत ती गोधडी रोज अर्धा मिनिटभर पायांकडे ओढली जाते. म्हणून पाय झाकले जातात आणि डोके उघडे पडते. ओढले जाण्याचे कारण असे की, पृथ्वीचा आस कललेला आहे, शिवाय जानेवारीच्या आरंभी ती सूर्याच्या सर्वांत जवळ असल्याने अधिक वेगाने जाते. त्यामुळे सूर्याला पुन्हा माथ्यावर येण्यास चोवीस तासांहून सुमारे अर्धा मिनिट अधिक लागते आणि खरी दुपारच रोज थोडी पुढे जाते. २१ डिसेंबरनंतर गोधडी लांब होऊ लागते खरी, पण इतकी थोडी की डोक्यापर्यंत पोचतच नाही. आपल्याकडे सर्वांत उशिरा सूर्य उगवतो तो संक्रांत होऊन गेल्यावर तीन-चार दिवसांनी, सात वाजून एक मिनिटाच्या सुमारास.

हा हिशेब ऐका. २१ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत, चोवीस दिवसांत, संध्याकाळी चौदा मिनिटे मिळाली आणि सकाळी आठ गेली. हाती आली सहा मिनिटे. म्हणजे दिवसाला पंधरा सेकंद. वडीलधाऱ्या बाया म्हणतात ना, दिवस तिळातिळाने वाढतो, तो हा तीळ! पुढे मार्चात रोज सुमारे एक मिनिट वाढतो, तेव्हा कोणालाही दिसते. पण आता वाढतो तो मोजणाऱ्यालाच दिसतो.

मग मी गुरुजींना विचारले की, दिवस जर डिसेंबरात वळतो, तर आपल्या जुन्या माणसांनी संक्रांत का धरली? ते म्हणाले, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतील प्रवेश आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास होत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डोलतो, त्यामुळे दोहोंत सुमारे बहात्तर वर्षांना एक दिवस याप्रमाणे अंतर पडत गेले. म्हणूनच अलीकडे काही वर्षी, जसे २०१९ आणि २०२४ मध्ये, संक्रांत १५ जानेवारीस आली. सरकारने १९५७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मात्र पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर धरला आहे, म्हणजे जवळजवळ उत्तरायणाचाच दिवस.

मला यात एक गोष्ट सुचली, ती भीत भीत सांगते. ज्या बाया पहाटे उठून जात्यावर बसत, शेण काढीत, पाणी भरीत, त्यांनी दिवस पाहिला तो सकाळच्या बाजूने. सकाळ वळते ती संक्रांतीनंतरच, आणि रथसप्तमीला ती वळल्याचे ध्यानात येते. तेव्हा सूर्याचा रथ आज वळतो असे सासूबाई म्हणतात, त्यात पहाटे उठणाऱ्या बाईचा अनुभव आहे असे मला वाटते. आजचा सूर्योदय सहा अठ्ठावन्नचा. पंधरवड्यापूर्वीपेक्षा तीन मिनिटे लवकर.

आता मुख्य गोष्ट. सकाळचा काळोख काही वहीने हटत नव्हता. तेव्हा आपल्या मंडळातल्या अकरा जणींनी पाळी लावली. रोज सकाळी दोघी जणी बॅटरी घेऊन मुलींना फाट्यापर्यंत पोचवीत, आणि संध्याकाळी गाडीला उशीर झाल्यास दोघी आणावयास जात. दुसऱ्या दिवशी पाळी नसताना कांबळे पांघरून एक गृहस्थ बॅटरी घेऊन पुढे चालू लागले. ते कोण, हे मी सांगत नाही. ते मागे खांबाशी उभे आहेत. गावातल्या चारही मुलींची आठवी सुरू राहिली. त्यांपैकी आणखी दोघींच्या घरी "पुढच्या वर्षी बघू" झाले होते, हे मला मागाहून कळले.

माझी विनंती एवढीच की, पुढच्या साली दिवाळीची सुट्टी संपताच ही पाळी मंडळाने आपणहून लावावी आणि रथसप्तमीला सोडावी. तेवढेच दिवस कठीण आहेत, आणि ते किती हे आता आपल्याला ठाऊक आहे. एखाद्या घरी अंधाराचे निमित्त निघाले, तर माझी वही घेऊन जा. तीत आता सकाळही आहे. ते पान मुलीने लिहिले आहे.

एवढे बोलून मी माझे चार शब्द पुरे करते. तिळगूळ घ्या, गोड बोला.