लेकराच्या नावाचा पैसा

(शिरूर अनंतपाळ येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बैठकीला न आलेल्या तायांसाठी इथे देत आहोत.)



आज वसुलीचा विषय नाही, त्यामुळं मागं बसलेल्यांनी पुढं यायला हरकत नाही. आज दत्तकाबद्दल बोलू, आणि त्यासाठी सरकारचा जो पैसा असतो त्याबद्दल. दत्तक म्हटलं की आपल्याला वाटतं, हा शहरातल्या मूलबाळ नसलेल्या लोकांचा विषय. पण दत्तक जाणारं लेकरू येतं कुठून? कितीतरी वेळा ते आपल्यासारख्याच एखाद्या गावातून, आपल्यासारख्याच एखाद्या घरातून येतं.

गावोगाव बैठका घेताना मी एक प्रश्न विचारत असते. एखाद्या बाईला लेकरू सांभाळणं शक्यच नसेल, तर तुमच्याकडं काय करतात? उत्तर बहुतेक एकच येतं. ओळखीतलं कुणीतरी बघायचं, बाँडवर लिहून घ्यायचं आणि द्यायचं. एक मावशी मला म्हणाल्या, "सरकारात गेलं की पैसे लागतेत, पोलीस येतेत, गावभर नाव होतंय. गपचूप दिलेलं बरं."

मावशींची भीती खोटी नाही. पण कायदा तसा नाही.

आधी पैशाचं बघू. लेकरू सोपवणाऱ्या आईला एक रुपयाही भरावा लागत नाही. तिनं जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढं जायचं. समिती तिच्याशी बोलते, तिला समजून घेते, आणि तरीही तिचं म्हणणं तेच असेल तर कागद करून लेकरू विशेष दत्तक संस्थेत ठेवते. तिथून पुढं दोन महिने आईला विचार बदलायची मुभा असते. या मुदतीत ती म्हणाली की माझं लेकरू मला परत द्या, तर ते परत मिळू शकतं. दोन महिने झाल्याशिवाय ते लेकरू दत्तकासाठी मोकळं होत नाही. आता सांगा, या दोन महिन्यांत लेकराला दूध कोण पाजतं? रात्री कोण जागतं, दवाखान्यात कोण नेतं? आया आणि नर्स लागतात, त्यांना पगार लागतो. हा खर्च मिशन वात्सल्य या योजनेत बसतो. आपल्या राज्यात त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40 टक्के असतात. म्हणजे तो तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे. काड्याची पेटी घेतली तरी आपण कर भरतो.

मला या सगळ्यात ते दोन महिनेच सगळ्यात मोलाचे वाटतात. बाँडवर लेकरू देणाऱ्या आईला ते मिळत नाहीत. बाळंतिणीचं मन पाचव्या दिवशी वेगळं असतं आणि चाळिसाव्या दिवशी वेगळं. लग्न न झालेल्या माझ्यासारखीनं हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

दत्तक घेणाऱ्यांना मात्र शुल्क असतं. ते केंद्राच्या नियमानं ठरलेलं असतं आणि त्याची पावती मिळते. त्या पलीकडं मधल्या माणसानं पैसे मागितले किंवा आईच्या हातात टेकवले, तर ती लेकराची विक्री झाली. बाल न्याय कायद्यात त्याला 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड आहे.

पोलिसांचं म्हणाल, तर परिस्थितीपुढं हात टेकलेल्या आईला गुन्हेगार धरू नये, असं हाच कायदा म्हणतो. समितीपुढची माहितीही गुप्त ठेवायची असते. कुठं टाकून दिलेलं लेकरू सापडलं तर 1098 वर फोन करायचा. 24 तासांत ते समितीपुढं गेलं पाहिजे. "दोन दिवस ठिऊन घेऊ, मग बघू" असं करायचं नाही, मन कितीही चांगलं असलं तरी.

नात्यातल्या दत्तकाचं काय, हे कुणीतरी विचारणारच. दिराला नाहीतर बहिणीला लेकरू देणं आपल्याकडं जुनं आहे. हिंदू कुटुंबांत 1956 च्या कायद्यानं ते करता येतं. आई-बाप दोघांची संमती लागते, दत्तकपत्राची नोंदणी केलेली बरी, आणि पैशाचा व्यवहार तिथंही चालत नाही. नुसत्या बाँडवर थांबू नका. लेकरू शाळेत जातं तेव्हा काही अडत नाही, अडतं ते जातीच्या दाखल्याला आणि सातबाऱ्यावर वारस लावताना. त्या वेळी चुलते म्हणतात, हे तुमचं लेकरूच नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभी राहिले ती. लेकरू द्यायला निघालेल्या कितीतरी आयांना ते द्यायचंच नसतं. हातात पैसा नसतो. नवरा गेलेला असतो किंवा त्यानं टाकलेलं असतं, आणि माहेरी भावजय बोलते. अशा आईसाठी मिशन वात्सल्यमधूनच प्रायोजकत्वाची मदत आहे. लेकरामागं महिन्याला 4000 रुपये, ग्रामीण भागात वर्षाचं उत्पन्न 72,000 च्या आत असेल तर. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिचे 2250 रुपये. माझ्या मते दत्तकाच्या यंत्रणेतला पहिला पैसा इथं पोचला पाहिजे. दत्तक ही नंतरची वाट. हप्ते दर महिन्याला वेळेवर येतील असं मी म्हणत नाही. थांबावं लागतं, पाठपुरावा करावा लागतो. पण अर्जच गेला नाही तर पाठपुरावा कशाचा करणार?

योजनेला सावित्रीबाईंचं नाव उगीच नाही. 1863 मध्ये फुले पती-पत्नींनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढं दत्तक घेतला, तो यशवंत. तेव्हा कुठलं अनुदान नव्हतं.

आणि गावातला पैसा? ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. समजा पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी मिळून वर्षाला 2 लाख जमली, तर 20,000 झाले. शिवाय मिशन वात्सल्यच्या सूचनांप्रमाणं पंचायतीच्या अबंधित निधीतला 5 टक्के भाग बालसंरक्षणाला वापरता येतो. या पैशातून मोठं काही होणार नाही. पण एका आईला अंगणवाडी ताईसोबत लातूरला न्यायचं गाडीभाडं निघेल, तिची बुडालेली मजुरी निघेल, शाळेच्या भिंतीवर 1098 रंगवता येईल. अडलेल्या आईची वाट बहुतेक वेळा एवढ्या रकमेवरच अडते.

हे बघायला गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि तिच्यात दोन मुलंही सदस्य असतात. तुमच्या गावात ती शेवटी कधी बसली?

येरोळ असो, साकोळ असो, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायचीच असते. पुढच्या महिला सभेत ग्रामसेवकांना हे विचारा: गेल्या वर्षीचे 10 टक्के किती झाले आणि कशावर गेले? समितीच्या बैठकीचं रजिस्टर कुठं आहे? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढा. तो फोटो सीआरपी ताईंकडं द्या. पुढच्या बैठकीत वसुलीच्या आधी आपण तेच बघू.