विमान उतरता उतरता वर का गेलं?

स्वयंपाकघरात असाल, शेतात असाल, शिलाई मशीनवर असाल, तिथूनच ऐका. आज आम्ही हप्ते आणि व्याज यांवर बोलणार नाही. आज विमानावर बोलणार आहोत. हसू नका, विषय आपल्या कामाचाच आहे.

जानेवारीत आमच्या गटातल्या सहाजणी दिल्लीच्या प्रदर्शनाला निघालो. पुण्याहून विमान. पाचजणींचा विमानप्रवास पहिलाच. दिल्लीजवळ पोहोचल्यावर विमान गोल गोल फिरत राहिलं. मग खाली येऊ लागलं. चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला. खिडकीतून नुसतं पांढरं धुकं. आता टेकणार, असं वाटतंय तोच इंजिनं गरजली, पाठ सीटला दाबली गेली आणि विमान पुन्हा वर. आमच्या अध्यक्ष काकूंनी दोन्ही बाजूच्या दोघींचे हात इतके घट्ट धरले, की बांगड्यांचे वळ उठले.

शेवटी उतरलो ते जयपूरला. फोन लावला तर कळलं, दुसऱ्या जिल्ह्यातला एक गट त्याच सकाळी दिल्लीत उतरलासुद्धा. मग काय, आमचा राग अनावर झाला. "आमचाच पायलट कच्चा," असं आम्ही हवाईसुंदरीला तोंडावर सुनावलं. ती बिचारी गप्प राहिली. प्रदर्शनाचा पहिला दिवस बुडाला, विक्री बुडाली.

गावी परतल्यावर गटातल्या एका ताईंच्या मुलीनं आमचे डोळे उघडले. ती विमान देखभालीचं शिक्षण घेते. तिनं अंगणात रांगोळीनं धावपट्टी काढली आणि एकेक शब्द समजावला.

पहिला शब्द, इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच. म्हणजे डोळ्यांनी काही दिसत नसताना, यंत्रांच्या भरवशावर, ठरलेल्या वाटेनं धावपट्टीकडे येणं. त्यासाठी जमिनीवरून रेडिओ लहरी सोडतात. लोकलायझर सांगतो, तुम्ही धावपट्टीच्या मधल्या रेषेच्या डावीकडे आहात की उजवीकडे. ग्लाइड स्लोप सांगतो, तुम्ही फार वर आहात की फार खाली. उतार बहुतेक ठिकाणी ३ अंशांचा असतो. म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की साधारण ५ मीटर खाली. जिना नव्हे, लांबलचक उतरण.

ते गोल फिरणं म्हणजे होल्डिंग. खाली गर्दी असली किंवा धुकं दाट असलं, की विमानाला आकाशातच थांबवतात. पण विमान एका जागी उभं राहू शकत नाही. म्हणून ते ठरलेल्या उंचीवर लंबगोल फेऱ्या मारतं. एक फेरी साधारण ४ मिनिटांची. आम्हाला वाटलं होतं, पायलट वाट चुकला!

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द, डिसिजन हाइट. मराठीत निर्णयाची उंची म्हणू. साध्या प्रकारात ही जमिनीपासून २०० फूट असते, म्हणजे जवळपास ६० मीटर. तिथवर आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर लगेच वर जायचं. "अजून थोडं खाली जाऊन बघू" हे चालत नाही. त्या उंचीवरून जमीन फक्त पंधरा सेकंदांवर असते.

आणि वर जाण्याची जी वाट, तिला म्हणतात मिस्ड ॲप्रोच. किती उंचीवर जायचं, कुठे वळायचं, हे नकाशावर आधीच छापलेलं असतं. उतरायला सुरुवात करण्याआधीच दोघे पायलट ते एकमेकांना वाचून दाखवतात. इथे नाही जमलं तर कुठे जायचं, तेही निघताना ठरलेलं असतं. त्या विमानतळाला म्हणतात अल्टरनेट. आमच्यासाठी ते जयपूर होतं.

मग तो दुसरा गट कसा उतरला? धावपट्टीवर किती लांबवरचं दिसतं, ते यंत्रानं मोजतात. त्याला रनवे व्हिज्युअल रेंज म्हणतात. साध्या प्रकारात, म्हणजे कॅट वनमध्ये, निदान ५५० मीटर दिसावं लागतं. दिल्लीला कॅट थ्रीची सोय आहे. तिथे ५० मीटर दिसत असलं तरी उतरता येतं. पण त्यासाठी धावपट्टी, विमान आणि पायलट या तिघांनाही तशी परवानगी लागते. पायलटला वेगळं प्रशिक्षण लागतं. तिघांतलं एक जरी कमी असलं, तरी परत फिरायचं. त्यात धुकं मिनिटामिनिटाला बदलतं. एकाला दिसतं, मागून येणाऱ्याला दिसत नाही.

आता उपग्रहांच्या मदतीनंही वाट दाखवता येते. आपल्या देशाची गगन नावाची व्यवस्था आहे. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगड विमानतळावर तिच्या आधारानं विमान उतरवलं गेलं. पण निर्णयाची उंची तिथेही असतेच.

हे सगळं ऐकल्यावर अध्यक्ष काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या पोरीला आपण उगाच बोललो गं." खरंच बोललो. तिची माफी मागायला आता ती कुठे भेटणार?

पण एक गोष्ट आम्ही केली. फेब्रुवारीत एका व्यापाऱ्यानं शेंगदाणा चटणीची मोठी ऑर्डर दिली, उधारीवर. यावेळी आम्ही आधीच वहीत लिहून ठेवलं: पहिल्या मालाचे पैसे १० तारखेपर्यंत आले नाहीत, तर दुसरा माल द्यायचा नाही. १० तारीख उलटली, पैसे आले नाहीत. दोघीतिघी म्हणाल्या, "अजून आठ दिवस बघू." काकूंनी वही उघडून पुढे ठेवली. आम्ही थांबलो. आणलेले शेंगदाणे गटातच वाटून घेतले. पहिल्या मालाचे पैसे अजून यायचेत, पण दुसऱ्याचे तरी अडकले नाहीत.

आणि मैत्रिणींनो, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे जाणार असाल, तर एक दिवस हाताशी ठेवून निघा. विमान उतरता उतरता वर गेलंच, तर घाबरू नका. ती वाट आधीच ठरलेली असते.