पाच डॉलर आणि एक तलवार

मंडळी, तलवार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, घोडे येतात, शिवजयंतीच्या मिरवणुकीतला दांडपट्टा येतो. आज आम्ही सांगणार आहोत ती तलवार वेगळी आहे. ती अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातली आहे, आणि तिने रक्त काढायचे नसते.

या खेळाला तलवारबाजी म्हणतात. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड पांढरा कपडा, हातात पातळ लवणारे पाते. उभे राहायची पट्टी १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद. म्हणजे शाळेच्या व्हरांड्याएवढी म्हणा ना! पाते अंगाला लागले की विजेचा दिवा लागतो आणि पंच घाव मोजतात. पाती तीन जातींची असतात. त्यांतल्या एकीला सेबर म्हणतात. सेबरचा घाव कमरेच्या वर चालतो, डोक्यावरसुद्धा. टोकाने टोचा, नाहीतर धारेच्या बाजूने मारा. सगळे इतक्या झटपट होते की पापणी लवायच्या आत दिवा लागलेला असतो.

हा खेळ तिकडे बहुतकरून श्रीमंत गोऱ्यांचा होता. सामान महाग, शिकवणी महाग. तेथे गरिबाचे पोर शिरले कसे, तीच आजची गोष्ट.

त्या पोराचे नाव पीटर वेस्टब्रुक. जन्म १९५२ चा. आई जपानी, तिचे नाव मारिको. वडील अमेरिकेचे कृष्णवर्णीय शिपाई. वडील लवकरच घर सोडून गेले. नेवार्क नावाच्या गावात सरकारने गरिबांसाठी वसाहत बांधली होती, तेथे या बाईने एकटीने मुले वाढविली. देश परका, भाषा परकी, नवरा नाही. काय दिवस काढले असतील ते आपल्या आयाबायांना वेगळे सांगायला नको. वस्तीत मारामाऱ्या रोजच्या. पीटरही त्यात असायचा. अंगात राग फार.

मारिकोबाईंच्या मनात आले, पोराच्या हाती तलवार द्यावी. आपले पूर्वज जपानचे तलवारबहाद्दर होते असे त्या सांगत. पण पीटर तयार होईना. तेव्हा आईने सांगितले, शिकवणीला एकदा जाऊन ये, मी तुला पाच डॉलर देते. त्या काळी चौदा वर्षांच्या गरीब पोराला पाच डॉलर म्हणजे घबाडच. तो गेला. पुन्हा जाण्यासाठी पुन्हा पैसे घेतले. मग मात्र त्याला पैशांची गरज राहिली नाही. गोडी लागली.

आम्ही उभी हयात शाळेत घालविली. मुलाला पैसे देऊन शिकायला पाठविणे आम्हाला कधी पटले नाही. पालक तसे करीत तेव्हा आम्ही त्यांना बोल लावीत असू. पण या बाईंपुढे आमचे तोंड बंद होते. आमच्या हाताखालीही एक असाच रागीट पोरगा होता. दर आठवड्याला कुणाचे तरी डोके फोडायचा. आम्ही छडी वापरली, उन्हात उभे केले, शेवटी हजेरीपटातून नाव कमी केले. त्याच्या हाती दुसरे काही द्यावे हे आम्हाला सुचलेच नाही. तो पुढे कोठे गेला हे आम्ही विचारलेही नाही. असो.

पीटर पुढे तलवारीच्या जोरावर न्यूयॉर्कच्या विद्यापीठात शिकला. १९७४ साली तो सेबरमध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. १९८९ पर्यंत त्याने हे अजिंक्यपद बारा वेळा मिळविले. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिकचे कांस्यपदकही मिळविले. अमेरिकेला तलवारबाजीत १९६० नंतर पदक मिळाले नव्हते, ते याने आणले.

आता येथून पुढे आम्ही त्यांना मास्तर म्हणणार. कारण १९९१ साली त्यांनी स्वतःच्या नावाची संस्था काढली आणि गरीब वस्त्यांतली मुले गोळा केली. मुले किती? सहा. न्यूयॉर्कमध्ये १८८३ पासून चालत आलेला तलवारबाजांचा एक जुना क्लब आहे. त्याच्या जागेत दर शनिवारी सकाळी मास्तर या मुलांना शिकवू लागले. सहाची साठ झाली, साठाची शंभरावर गेली. नुसती तलवार शिकवून ते थांबले नाहीत. शाळेतले गुण पाहायचे, अभ्यास घ्यायचा, निबंध लिहायला लावायचे. हे वाचले आणि आम्ही मनात म्हटले, हा खरा आमच्या जातीचा माणूस!

मग १९९४ साल आले. मारिकोबाई नेवार्कमध्ये बसमधून जात होत्या. तेथे एका बाईने त्यांना मारहाण केली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ज्या आईने पोराला मारामारीतून ओढून काढले, तिचा शेवट असा व्हावा! मास्तरांच्या मनात काय पेटले असेल? जुना राग तर अंगात होताच.

पुढच्या वर्षी, १९९५ साली, ते पुन्हा राष्ट्रीय स्पर्धेत उतरले. वय ४३. सेबर हा पोरांचा खेळ. पाय हरणासारखे लागतात. सहा वर्षे अजिंक्यपद हाती आले नव्हते. आणि त्या वर्षी ते जिंकले. तेरावे अजिंक्यपद. रागाला लगाम घालून कामाला कसे जुंपायचे, यावर त्यांनी पुढे पुस्तकच लिहिले.

आता मास्तरांची मुले. ब्रुकलिन भागात स्मार्ट नावाचे कुटुंब होते. बापाने वर्तमानपत्रात या वर्गाची बातमी वाचली आणि कीथ व एरिन या दोन्ही मुलांना तेथे नेऊन घातले. पाहा, एक बातमी वाचता आली म्हणून दोन मुलांचे दिवस फिरले. दोघेही बहीणभाऊ पुढे राष्ट्रीय विजेते झाले, कीथ सेबरमध्ये आणि एरिन फॉइल नावाच्या पात्यात. २००३ साली तर कीथ जगात पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेच्या कुणा पुरुषाला तोवर ते साधले नव्हते.

सांघिक सामना त्या वेळी कसा असायचा ते सांगितले पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. दोन्हीकडे तीन तीन गडी. एकूण नऊ लढती. पहिल्या लढतीत कोणीतरी ५ घावांपर्यंत जायचे, दुसरीत १० पर्यंत, असे करीत ४५. पहिला गडी मागे पडला, तर त्याचे देणे दुसऱ्याच्या बोकांडी बसायचे. शेवटचा गडी सगळ्यांचे देणेघेणे घेऊन उभा राहायचा. जो संघ आधी ४५ करील तो जिंकला.

२००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा सेबरचा संघ उपांत्य सामन्यात फ्रान्सकडून हरला, ४५–४४. मग कांस्यपदकासाठी रशियाशी पडला, पुन्हा हरला, पुन्हा ४५–४४. एका दिवसात दोनदा, एकाच घावाने! शेवटच्या लढतीला कीथ होता. तो घरी रिकाम्या हाताने परतला. दुसरा कोणी असता तर तलवार खुंटीला टांगली असती.

चार वर्षांनी बीजिंग. त्याच वर्षी कीथ रक्ताच्या जिवावरच्या दुखण्यातून उठला होता. त्याची आईही त्याच वर्षी गेली. अशा अंगाने तो पट्टीवर उभा राहिला. आधी हंगेरीशी सामना, ४५–४४. मग रशियाशी, पुन्हा ४५–४४. दोन्ही वेळा शेवटचा गडी कीथ, आणि या वेळी वरचा घाव त्याचा! अंतिम सामना फ्रान्सने ४५–३७ असा जिंकला. कीथच्या गळ्यात रौप्यपदक पडले. बहीण एरिनलाही फॉइलच्या सांघिक सामन्यात रौप्यपदक मिळाले.

२०२४ साली पॅरिसमध्ये लॉरेन स्क्रग्ज या मुलीने फॉइलमध्ये रौप्यपदक मिळविले आणि संघाबरोबर सुवर्णपदकही. तीही शनिवारच्या वर्गातलीच. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला मास्तर वारले. वय ७२. लॉरेनचे सोने ऑगस्टातले. तेव्हा ते हयात होते.