रीडवर आळ

व्याख्यानाला वक्त्याने टिपणं आणावीत अशी रीत आहे. मी सिगारेटचा कागद आणलाय. ओढायला नव्हे, हे पहिल्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांसाठी सांगतो.

क्लॅरिनेट कुरकुरायला लागलं की आपण आळ घेतो तो रीडवर. एक बदलतो, दुसरी लावतो, तिसरी घासतो. खालचे सूर तरी फुटतातच. चावीच्या पोटात दडून बसलेल्या पॅडकडे कुणी बघत नाही.

पॅड म्हणजे पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नमदा आणि त्यावर पातळ पापुद्रा. बाजारात त्याला ‘फिश स्किन’ म्हणतात, पण माशाशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या पद्धतीच्या पॅडवर गुराच्या आतड्याचं आवरण असतं. युरोपातले कारागीर ज्याच्या थरांमध्ये सोन्याचा वरख ठोकत, तेच हे. पूर्वी चावीखाली चामड्याचा सपाट तुकडा असे. तो हवा सोडी, म्हणून पाच-सहाच्या पुढे चाव्या लावायला कारागीर कचरत. इव्हान म्यूलरने भरीव पॅड बसवून तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट केलं आणि 1812 मध्ये पॅरिसच्या कॉन्झर्वेटॉयरच्या समितीने ते नापसंत केलं! आज नेहमीच्या, बोम पद्धतीच्या क्लॅरिनेटला सतरा चाव्या असतात.

आता हा वरचा सांधा बघा. डाव्या हाताने भोकं बंद, खालचं तोंड तळव्याने बंद, आणि वरून हवा ओढायची. ओढ काही सेकंद टिकली तर ठीक. लगेच सुटली, तर हा कागद. त्याची बारीक पट्टी पॅडखाली ठेवा, चावी अलगद मिटा, पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी अडली पाहिजे. इथे जोर लावाल तर स्वतःलाच फसवाल.

पापुद्रा फाटला, नमदा दगडासारखा झाला, तर पॅड बदला. नुसता वण दिसतो म्हणून बदलू नका, वण पडतोच. एकाच बाजूने गळत असेल तर पॅड ज्यात बसतं तो चावीचा कप जरा तापवून पॅड पुन्हा समतल बसवता येतं. आणि स्प्रिंग ढिली किंवा चावी वाकलेली असेल, तर नवं पॅडही गळणारच. वरच्या पॅडांवर श्वासाचं पाणी साचतं, त्यामुळे ती आधी जातात.

आता माझी फजिती. गेल्या पावसाळ्यात करंगळी दुखायची. म्हटलं, वय झालं. एकदा शिष्याने माझं वाद्य उचललं, तर त्याला खालचा सूर लागेना. मी रागावलो, हातात घेतलं, वाजवून दाखवलं. तो म्हणाला, “सर, तुम्ही किती दाबताय!” पॅड गळत होतं आणि त्याची भरपाई माझी करंगळी करत होती. कधीपासून, देव जाणे.

ज्यांनी वाद्यं आणली आहेत त्यांनी वर या. कागद पुरेसे आहेत.