पायाची जखम आणि मूत्रपिंड



आज मधुमेहाविषयी चार गोष्टी सांगतो. आपण त्याला नुसते 'शुगर' म्हणतो.

मधुमेही माणसाच्या पायात काटा रुततो, पण त्याला कळत नाही. रक्तातल्या जादा साखरेने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. जखम चिघळते, पू होतो, बरी होता होत नाही. मग घरातले सगळे पायाकडेच बघत बसतात.

आता आत काय चालले आहे ते ऐका. पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, आपल्याला दोन मूत्रपिंडे असतात. एकेक मुठीएवढे. ती रक्त गाळतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी त्यांतून गाळले जाते. बहुतेक सगळे परत रक्तात जाते. दीड-दोन लिटर तेवढी लघवी होते. ही गाळणी अगदी बारीक रक्तवाहिन्यांची असते.

विहिरीचे पाणी खारे झाले, तर एकच वाफा बिघडतो का? ते पाणी जाईल तो प्रत्येक वाफा बिघडतो. रक्ताचेही तसेच. ज्या साखरेने पाय बिघडला, तीच मूत्रपिंडांतही फिरते. म्हणून ज्याच्या पायाला अशी जखम, त्याच्या मूत्रपिंडांना धोका अधिक. आणि मूत्रपिंडे बिघडली, की जखम आणखी रेंगाळते.

कुणी म्हणेल, "गुरुजी, मला लघवी साफ होते. काही दुखत नाही." बाबांनो, हा आजार मुका आहे. अंगावर सूज येते, तोवर पुष्कळ नुकसान झालेले असते.

मग करायचे काय? लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. पायाला जखम असेल, तर वर्षाची वाट पाहू नका. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. पाय दुखतो म्हणून दुकानातून मनाने गोळ्या आणून खाऊ नका. दुखणे थांबवणाऱ्या कितीतरी गोळ्या मूत्रपिंडांना बाधतात. डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्या. अनवाणी फिरू नका. रोज रात्री तळपाय पाहा. स्वतःला दिसत नसतील, तर घरच्यांना पाहायला सांगा.

तुम्हांला आता वाचता येते. तपासणीचा कागद पेटीत दडवून ठेवू नका. मागच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहा. हे दोन आकडे वाढले असतील, तर दोन्ही कागद घेऊन त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.