शाळा उघडण्याआधी


पंधरा जूनला शाळेची घंटा, आणि चौदा तारखेला रात्री आपण दप्तर शोधतो! असं कसं चालेल?

आम्ही स्वतः सातवीच्या सुट्टीत चार पैसे मिळतील म्हणून हॉटेलात कपबशा धुवायला गेलो. जून लागला तसा मालक म्हणाला, अजून महिनाभर थांब. तो महिना काही संपला नाही. पुढं गिरणीत लागलो. जे काय वाचलं ते पाळी करून, विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. म्हणून सांगतो, सुट्टीत कामाला लावलेलं पोर जूनमध्ये परत शाळेत बसवणं हे आई-बापाचं काम. मालक ते करणार नाही.

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झाले. बसायला गोणपाट घरून न्यावं लागे. आपल्या पोरांना पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारी शाळेत फुकट मिळतात, आणि आपण पहिला आठवडा गावच्या लग्नात घालवतो!

आठवडाभर आधीपासून पोरांना लवकर झोपवा, सकाळी सहाला उठवा. गणवेश आताच घालून बघा. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवली की कच्ची वही होते.

दाखल्याचं मात्र नीट ऐका. अनुसूचित जातीचा हक्क १९९० साली केंद्राने बौद्धांनाही दिला. पण जातीचा, उत्पन्नाचा कागद हातात नसेल तर शिष्यवृत्ती कुठली? जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते, मे महिन्यातच जा.

नववी-दहावीची जुनी पुस्तकं रविवारी वंदनेनंतर विहारात आणून द्या. आमची धाकटी यंदा दहावीत गेली, तिची नववीची आम्ही आजच आणलीत.