आधी व्याज, मग रस्ता
(सिंधुदुर्ग जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मुंबई-गोवा महामार्ग आपल्या जिल्ह्यात बराचसा झाला, हे खरं ते सांगायला हवं. पण देवगडची पेटी कणकवलीत विकायची नसते. ती वाशीला जाते, आणि वाटेत रत्नागिरी, रायगड लागतात. तिथल्या खड्ड्यांत तळातल्या थराचं काय होतं, ते पट्टी हातात आली की कळतं.

पनवेल ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं काम २०११ साली सुरू झालं. त्या साली ज्यानं हापूसचं कलम लावलं, तो पाच-सहा वर्षांत फळ खाऊ लागला, पुढं पेट्या भरू लागला. रस्त्याला मात्र नुसत्या तारखाच लागल्या.

उशीर का झाला? पावसावर ढकलू नका. कोकणात पाऊस पडतो हे सरकारला २०११ च्या आधीही ठाऊक होतं. सगळी जमीन ताब्यात नसताना, कर्नाळा अभयारण्याचा प्रश्न सुटलेला नसताना काम देऊन टाकलं. तेही 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीनं, म्हणजे पैसा ठेकेदारानं उभा करायचा आणि टोलमधून काढून घ्यायचा. त्याचा पैसा आटला, काम थांबलं, शेवटी सरकारी पैसा घालावाच लागला. रुंदीकरण असं रेंगाळलेलं असतानाच २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्यांसह.

आता दुसरा रस्ता. पवनारहून निघून बारा जिल्ह्यांतून ८०२ किलोमीटर येणारा शक्तिपीठ महामार्ग. आखला तो पत्रादेवीपर्यंत, म्हणजे आपला पहिला रस्ता गोव्यात शिरतो तिथंच! विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापुरातल्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणूक झाली, आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं २०,७८७ कोटी मंजूर केले.

हा आकडा फोडून बघा. सुमारे ७,५०० हेक्टर जमिनीसाठी १२,००० कोटी, तेही हुडकोचं कर्ज. उरलेले ८,७८७ कोटी संभाव्य व्याजाचे. जमिनीच्या रुपयामागे त्र्याहत्तर पैसे व्याज, आणि खडीची एक पाटी अजून पडायची आहे. हा अंदाजही सगळं वेळेवर होईल असं धरून केलेला असणार. पहिल्या रस्त्यासारखी वर्षं गेली तर त्र्याहत्तरचे किती होतील? सोसायटीचं कर्ज थकलं की आपलं नाव फलकावर लागतं. हे कर्ज फेडणार कोण, तर आपणच, पण मंजूर करताना कोणी विचारलं नाही.

पैशापेक्षा मला दुसऱ्याच नुकसानीची काळजी आहे. माझं शिक्षण शेतकीचं, त्यामुळे मी झाडाच्या वर्षांत मोजतो. गट नंबर अधिसूचनेत आला की बँक हात आखडते, गिऱ्हाईक फिरकत नाही. आणि मालक? रस्ता येणार म्हणून तो नवी काजूची कलमं लावत नाही, जुन्या बागेला खत घालताना कचरतो. पाच वर्षांनी आराखडा बदलला आणि जमीन सुटली, तर त्या वाया गेलेल्या पाच वर्षांचा मोबदला कोण देणार? जमीन गेली नाही ना, मग नुकसान कसलं, असं विचारणारे अधिकारी मी पाहिलेत. झाडाला वाढायला वर्षं लागतात, हे त्यांना कागदावर दाखवावं लागतं.

म्हणून मागणी दोनच शब्दांत नाही, जरा लांब आहे. अधिसूचनेला मुदत घाला. मुदतीत जमीन घेतली नाही तर सातबारा मोकळा करा आणि अडकवलेल्या वर्षांची भरपाई द्या. पहिला रस्ता पुरा होऊन त्याचा हिशेब लोकांपुढे येईपर्यंत दुसऱ्यासाठी कर्जाचा नवा हप्ता उचलू नका.

जेवणानंतर आपण गाववार बसू. ज्यांना नोटीस आली आहे त्यांनी सातबाऱ्याबरोबर झाडांची यादी द्या. 'आंबा, बारा झाडं' एवढं लिहून भागणार नाही. कलमी की रायवळ, लावलं कोणत्या साली, गेल्या हंगामात पेट्या किती, आणि कोणती जागा रस्त्याच्या भीतीनं पडीक ठेवली, हे सगळं लिहा.